वॉरंटबाई

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘वॉरंट’ म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, इतकं ते चपखल बसलं होतं. एखादं मूल दोन-तीन दिवस वर्गात दिसलं नाही, की शाळा सुटल्यावर बाई त्याच्या दारात. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी तळव्याच्या चपला, त्यामुळे त्या आल्याची चाहूलही लागायची नाही. “आहे का घरात?” एवढंच विचारायच्या. मग आत कुठेतरी भांडं पडायचं, आणि तापाने फणफणलेलं पोर बघता बघता खडखडीत बरं व्हायचं.

मी या शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेचा तास म्हणजे कुणीही यावं आणि उसना मागून न्यावा असा. गणिताला वेळ कमी पडला, घ्या चित्रकलेचा. मी नवीन होते तेव्हा बाईंनी माझे इतके तास नेले की शेवटी त्यांनाच माझी दया आली, आणि त्यातून आमची मैत्री झाली. माझी भाड्याची खोली त्यांच्या वाटेवरच होती, म्हणून या फेऱ्यांना मी पुष्कळदा बरोबर असायचे.

कुणाच्या घरी गेल्यावर बाई शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगत बसायच्या नाहीत. पाणी मागायच्या, सावकाश प्यायच्या आणि नड काय आहे ते विचारायच्या. नड बहुतेक साधीच असायची. आई आजारी, चप्पल तुटलेली, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. त्यावर काहीतरी तोड निघेपर्यंत बाई उठायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, “बाई, कशाला एवढी पायपीट? आपलं काम वर्गात शिकवायचं.”

“अगं, पोरं वर्गात आल्याशिवाय शिकवू कुणाला? बाकांना?”

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. लहानपणी त्यांची आई कारखान्यात कामाला जायची. पाठची भावंडं होती. म्हणून बाईंना शाळेतून काढून घरी बसवलं होतं, एक-दोन वर्षं तरी. “रोज वाटायचं, आज कुणीतरी बोलवायला येईल. बाकावरची माझी जागा रिकामी दिसत असेल ना? पण कुणी आलं नाही.” भावंडं जरा मोठी झाल्यावर त्या आपल्या आपणच परत गेल्या. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा डोक्याने उंच. मुलं ‘काकू’ म्हणून चिडवायची. हे सांगताना त्यांच्या आवाजात जराही फरक पडला नाही. “ती बघ, ती निळ्या दाराची खोली,” म्हणत त्या पुढच्या घराकडे वळल्या.

मुंगी त्यांना अशाच एका दारात सापडली. मुंगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. वडील बेकरीत भट्टीवर, आई इस्पितळात साफसफाईला, आणि घरात जुळ्या बहिणी. एकीला कडेवर आणि दुसरीला हाताला धरून ही चिमुरडी दारात उभी होती. अंगापेक्षा मोठं ओझं उचलणारी, म्हणून मुंगी. या खेपेला तोड काढणं सोपं नव्हतं. शेवटी बाईंनी जुळ्याच आपल्या घरी नेल्या. बाईंचे यजमान शिंपी, घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. दोघांना मूलबाळ नव्हतं. शिवणयंत्राशेजारी चिंध्यांच्या ढिगात त्या दोघी दिवसभर लोळायच्या, आणि मुंगी शाळेत.

“लोकांच्या बायका बाजारातून भाजी आणतात,” शिंपीकाका गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमची जुळी घेऊन आली. तीही मला न विचारता.” पण बोलता बोलता त्यांच्या हाताखाली उरल्यासुरल्या कापडाचे दोन सारखे झगे तयार होत असायचे.

मुंगी शिकत गेली. गणितात तर अशी चमकली की बाई फळ्यावर उदाहरण लिहून होईस्तोवर तिचं उत्तर ओठांवर. बाई तोंडावर कधी कौतुक करायच्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मात्र तिचा पेपर उगाचच दोनदा तपासायच्या, मिठाई पुरवून खावी तसा.

ती पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी ऊन लवकर आलं आणि जायचं नाव घेईना. आमच्या शाळेचे वरच्या मजल्यावरचे वर्ग पत्र्याखाली आहेत. दुपारी तिथे खडू घामाने हातातच भिजायचा. माझे रंग कागदाला लागायच्या आत तबकडीत वाळायचे. एक मुलगी प्रश्नाचं उत्तर देताना उभ्या उभ्या कोसळली. मग वरून हुकूम आला आणि शाळा बंद झाली. उघडली, पुन्हा बंद झाली. अभ्यासक्रमाच्या अगदी चिंधड्या उडाल्या.

पुन्हा उघडली तेव्हा वरच्या वर्गांतल्या मुलांनी एक नवंच सुरू केलं. दर शुक्रवारी शाळेत न येता ती नगरपालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागली. इतर देशांतली मुलं असं करतात हे त्यांनी वाचलं होतं. शाळांची छपरं थंड करा, रस्त्यासाठी झाडं तोडू नका, हवेत धूर सोडणाऱ्यांना आवरा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. माझ्या कपाटातला निळा आणि हिरवा रंग एका आठवड्यात संपला. “पोस्टरची स्पर्धा आहे,” असं मला सांगण्यात आलं होतं. कसली स्पर्धा, ते मी विचारलं नाही.

बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. “ज्यांना शाळा मिळत नाही त्यांनी तिच्यासाठी झुरायचं, आणि ज्यांना मिळाली त्यांनी ती पायरीवर बसून बुडवायची! चैन आहे नुसती!” आणि जेव्हा कळलं की बसणाऱ्यांत मुंगी पुढे आहे, तेव्हा त्यांनी डबा तसाच झाकला. मधल्या सुट्टीत पिशवी खांद्याला अडकवून त्या निघाल्या. मी मागोमाग.

पायऱ्यांवर बरीच मुलं होती. एक कंटाळलेला पोलीस झाडाखाली जांभया देत होता. घोषणा चालू होत्या. तेवढ्यात कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “वॉरंट!” आणि गंमत अशी, की बाईंनी तोंड उघडायच्या आत निम्मी मुलं सवयीने उठून उभीच राहिली. काहींनी दप्तरंसुद्धा उचलली. घोषणा अर्ध्यावरच तुटली.

मुंगी बसूनच राहिली. मांडीवर तिचा फलक होता, माझ्याच निळ्या रंगातला: ‘वर्ग भाजतोय, हजेरी कसली?’

“ऊठ,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई.”

“मुंगे, ऊठ म्हणते ना.”

“बाई, मी तुम्हाला आजवर कधी नाही म्हटलंय का?”

“आत्ताच म्हणालीस.”

मुलं हसली. मुंगीही हसली, पण फलक तिने घट्ट धरून ठेवला होता. “बाई, उन्हाने शाळा बंद होती तेव्हा आम्ही सगळेच घरी होतो. तेव्हा तुम्ही कुणाच्या घरी गेलात? तेव्हा तर शाळाच गैरहजर होती.”

बाईंनी खांद्यावरची पिशवी सावरली.

“तुम्ही मला वाचायला शिकवायला आणलंत. मी वाचलं. आता वाचून गप्प बसायचं, हे कुठल्या धड्यात आहे?”

“आधी शिकून मोठी हो. मग काय आभाळ हलवायचं ते हलव.”

“तोवर उशीर होईल, असंच तर लिहिलंय मी जे वाचलं त्यात.”

सुट्टी संपत आली होती. बाई वळल्या आणि चालू लागल्या. जी मुलं उठून उभी राहिली होती त्यांना काय करावं कळेना, तीही बदकांच्या पिल्लांसारखी रांगेने मागे निघाली. अशा रीतीने निम्मं आंदोलन बाईंच्या मागून शाळेत आलं. पण ज्या एकीसाठी त्या गेल्या होत्या ती आली नाही. फाटकाशी बाई थांबल्या. “पोरगी उद्धट झालीय,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “उद्धट नाही गं. खरं बोलली, म्हणून तसं वाटलं.”

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं: जे शुक्रवारी गैरहजर राहतात त्यांच्या पालकांनी येऊन ‘पुन्हा असं होणार नाही’ असं लिहून द्यावं, नाहीतर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा झाली होती आणि त्यांना झोप येईनाशी झाली होती. पालक आले, मुलांच्या पाठीत एकेक धपाटा घालून लिहून देऊन गेले. मुंगीचे वडील आले ते पिठाने माखलेल्या कपड्यांत, कामावरून उठून. सगळं ऐकून म्हणाले, “लिहून कशाला द्यायचं? काढूनच घेतो तिला. बेकरीत माणूस हवंच आहे.” आणि तसेच निघून गेले. बाई तेव्हा वर्गात होत्या. त्यांना कळलं तेव्हा मुंगीचा बाक रिकामा झाला होता.

शाळा सुटल्यावर आम्ही बेकरीत गेलो. पुढे काचेच्या कपाटामागे मुंगी उभी, अंगात मोठ्या माणसाचा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आत भट्टीजवळ तिचे वडील. गळ्याला ओला टॉवेल, हातात लांब दांड्याची फळी. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. एवढ्या धगीत तो माणूस रोज कसा उभा राहत असेल, असंच माझ्या मनात आलं.

“या बाई,” ते म्हणाले. “पाणी प्या. पण या वेळी पोरगी मिळायची नाही.”

बाई एका पालथ्या पेटीवर बसल्या. पाणी प्यायल्या, नेहमीसारखं सावकाश.

“तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला पाठवली,” ते म्हणाले. “तेव्हा घरात खायचे वांधे होते, तरी पाठवली. म्हटलं शिकेल, पंख्याखाली बसून काम करेल. तर ही बया शाळा सोडून उन्हात बसते! उन्हात बसायला शाळा कशाला लागते? मी एक इयत्ता न शिकता आगीपुढे उभा आहेच की.”

“खरंय तुमचं. मलाही तिचा राग आलाय.”

याची त्यांना अपेक्षा नव्हती. “मग आलात कशाला?”

“राग आला म्हणून काय काढून टाकायचं? शाळा बुडवली म्हणून शाळाच बंद? जेवायला उशिरा आली म्हणून जन्मभर उपाशी ठेवल्यासारखं झालं.”

त्यांनी फळी आत घातली, पाव ओढून बाहेर काढले, पुन्हा भट्टीचं दार लावलं. मग आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “पोलिसांनी उचललं तर? तिथे डॉक्टरची पोरगी बसते. तिला सोडवायला डॉक्टर येईल, वकील येईल. माझ्या पोरीला सोडवायला कोण येईल?”

ही खरी नड होती. बाईंनी पेला खाली ठेवला.

“मी येईन,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही?”

“वॉरंट म्हणतात मला. पोर कुठेही असो, मी जाऊन घेऊन येते.”

तोंडावर टॉवेल धरून ते एकदम हसलेच. “म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?”

“मला कान आहेत हो.”

एवढ्यात मुंगी पुढून आत आली. एप्रनला हात पुसत म्हणाली, “पण बाबा, मी शब्द देणार नाही. पुन्हा बसणार नाही असं मला नाही म्हणता येणार.”

“बघा!” वडिलांनी दोन्ही हात वर केले. “आली वाघीण!”

“शब्द कुणी मागितलाय तुझ्याकडे?” बाई तिच्यावर खेकसल्या. “पण शुक्रवारचे जेवढे तास बुडतील तेवढे शनिवारी दुपारी शाळेत येऊन भरायचे. एक मिनिट कमी चालणार नाही. आणि नुसतं गणित नाही, सगळे विषय. चित्रकला या घेतील.”

‘या’ म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. एवीतेवी माझे तास त्यांचेच होते.

वडिलांनी लेकीकडे बघितलं. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. टॉवेलच्या टोकाने त्यांनी ते पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाले, “आणि मोठे सर ऐकतील?”

“ते माझ्याकडे लागलं.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी काय झालं त्याची मी साक्षीदार आहे. खिडकीचे पडदे पाण्याने भिजवलेले, पंखा गरम हवाच फिरवत होता. “बाई, तुम्ही?” सर म्हणाले. “उभा जन्म हजेरीपायी घालवलात, आणि आज गैरहजर राहणाऱ्यांची बाजू?”

“बाजू कसली, सर. मी ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन एकच सांगितलं, पोराला पाठवा, शाळा त्याला टाकणार नाही. आता शाळाच टाकणार असेल, तर मला त्या सगळ्या दारांत परत जाऊन शब्द मागे घ्यावा लागेल. माझे गुडघे आता तेवढे चालत नाहीत.”

सरांनी मान पुसली. “आणि वरून विचारलं तर काय सांगू?”

“सांगा, आमची मुलं शनिवारीसुद्धा येतात. बाकीच्या शाळांत येतात का, ते विचारा उलट.”

सरांनी हजेरीपट पुढे ओढला. मग ठरलं: शनिवारी भरलेले तास हजेरीत धरायचे, पालकांनी फक्त ‘संमती आहे’ एवढंच सांगायचं. मुंगीच्या वडिलांनी तेवढं सांगितलं, आणि ती पुन्हा आपल्या बाकावर आली.

शनिवारची शाळा आम्ही तळमजल्यावरच्या जुन्या सामानाच्या खोलीत भरवायचो, कारण तिथे त्यातल्या त्यात गारवा होता. शिंपीकाका पाण्याचा मोठा माठ आणून ठेवायचे आणि मागच्या बाकावर बसून स्वतःही ऐकायचे. काही मुलांनी शुक्रवारी बसणं सोडलं. आंदोलन परवडलं, पण बाईंचा शनिवार नको, असं त्यांचं म्हणणं. उलट कधीच न बसलेली काही मुलं शनिवारी नियमाने यायला लागली, कारण बाई तिथे घाई करायच्या नाहीत. मुंगीने ना शुक्रवार चुकवला, ना शनिवार. शनिवारी सकाळी ती बेकरीत हात देऊन यायची. एका दुपारी उदाहरण सोडवता सोडवता तिचं डोकं बाकावर टेकलं आणि ती झोपून गेली. कुणीतरी तिला हलवायला गेलं. बाईंनी त्याचा हात धरला, पिशवीतली शाल काढून घडी केली आणि अलगद तिच्या डोक्याखाली सरकवली. पुढचा सगळा धडा त्यांनी कुजबुजत शिकवला. कुजबुजत शिकवलेलं गणित मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्या वर्षी मुंगीचे गुण घसरले. बाई तिला खूप बोलल्या, ती खूप रडली, आणि मग दोघी मिळून चुकलेली उदाहरणं सोडवत बसल्या. नगरपालिकेने आमच्या पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा रंग देऊन घेतला, त्याने वरचे वर्ग निदान बसण्याजोगे झाले. पण रस्त्यावरची झाडं तोडायची ती तोडलीच. त्या शुक्रवारी मुलं पायऱ्यांवर गेली नाहीत. ताज्या बुंध्यांवर एकेक जण जाऊन बसलं, घोषणा नाहीत, काही नाही. मुंगीच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता, तो सोमवारी बाईंनी वेचून काढला.

मुंगी आता दुसऱ्या शहरात पुढचं शिकते आहे. जुळ्या आमच्याच शाळेत आहेत आणि शुक्रवारी कुठे जायचं यावरून एकमेकींशी भांडतात.

बाई स्वतः कधी त्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या नाहीत. मुलांनी कितीदा आग्रह केला. “माझा तास असतो,” एवढंच त्यांचं उत्तर. निवृत्त व्हायच्या आधीच्या एका शुक्रवारी मात्र, शेवटची घंटा झाल्यावर, वह्या तपासून, कपाटाला कुलूप लावून त्या निघाल्या आणि दुकान बंद करायला लावून यजमानांना घेऊन नगरपालिकेपाशी गेल्या. मुलं केव्हाच घरी गेली होती. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. दोघं जण मधल्या पायरीवर बसले.

पहारेकरी आला. “कुणाकडे काम आहे? कचेरी बंद झाली.”

“काम नाही,” शिंपीकाका म्हणाले. “आम्ही आंदोलनाला आलोय.”

“ते दुपारीच संपलं की हो.”

“आम्हाला सुट्टी आत्ता झाली.”

पहारेकऱ्याने दोघांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि गेला. काकांनी जरा दम खाऊन विचारलं, “एखादी घोषणा द्यायची का?”

“गप्प बसा हो. लोक बघतील.”

रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत ते तिथे बसले होते. हे सगळं शिंपीकाका दुकानात येईल त्याला रंगवून सांगतात. बाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, “ह्यांचे पाय दुखत होते, म्हणून टेकलो जरा.”